खुलासा : बर्बन फक्त केंटकीची नाही, आणि जुनी म्हणजे भारीही नाही

‘बर्बन फक्त केंटकीत बनते आणि लेबलवर जितकी जास्त वर्षं, तितका तिचा नंबर वर’ असं बर्बनबद्दल, म्हणजे मुख्यतः मक्यापासूनच्या अमेरिकन व्हिस्कीबद्दल, सांगणारा मेसेज सध्या फिरतोय. (केंटकी हे अमेरिकेतलं एक राज्य.) दोन्ही गोष्टी चूक.

पहिलीचा निकाल पटकन लागतो. कायद्याने बर्बन अमेरिकेत कुठेही बनवता येते. धान्यात किमान ५१ टक्के मका हवा आणि मुरवायला आतून जाळलेलं कोरं ओकचं पिंप. सगळ्यात जास्त केंटकीत बनते, एवढं खरं.

वयाचा घोळ स्कॉचमुळे झालाय. स्कॉच बहुतेक वेळा वापरलेल्या पिंपात, थंड हवेत मुरते. तिला वेळ लागतोच. बर्बनचं पिंप दर वेळी नवं, शिवाय केंटकीचा उन्हाळा. गोदामाच्या वरच्या मजल्यावर तर लाकडाचा स्वाद भराभर उतरतो. सहा-आठ वर्षांत व्हॅनिला, जळक्या साखरेचा वास छान जमतो. वीसच्या पुढे अनेकदा कच्ची सुपारी चघळल्यासारखी जीभ आवळते. काही अपवाद अप्रतिम असतात, पण किंमत चढते ती मुख्यतः पिंपातला बराच माल उडून गेल्यामुळे. (आणि मिरवायला, अर्थात.)

‘बॉटल्ड इन बाँड’ असं लेबल असलेल्या बाटल्यांचं उदाहरण घ्या. १८९७ च्या कायद्याची अट किमान चार वर्षं आणि बरोबर ५० टक्के अल्कोहोल. त्यातल्या साध्या बाटल्याही लेबल झाकून चाखल्या की कधीकधी महागड्यांना मागे टाकतात. नंबर लावायचेच तर तसे लावा: एकसारखे ग्लास, आधी नुसता घोट, मग पाण्याचे दोन-चार थेंब.