नाशिकच्या लहान संग्रहालयांना आठवड्यातले दोन तास हवे आहेत

नाशिककर मित्रहो,

आपल्या शहरात आणि आसपास एकेका विषयाला वाहिलेली जी लहान संग्रहालये आहेत, त्यांच्याविषयी बऱ्याच दिवसांपासून मनात असलेले मत आज सविस्तर मांडतो आहे. अंजनेरीच्या पायथ्याशी १९८० पासून काम करणारी नाणकशास्त्राची संशोधनसंस्था व तिचे संग्रहालय, सिन्नरचे खनिजांचे गारगोटी संग्रहालय, नाशिकरोड-देवळाली भागातील तोफखान्याचे संग्रहालय आणि १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयाचा वस्तुसंग्रह ही नावे अनेकांनी ऐकलेली असतात, परंतु घरी पाहुणे आले की आपण त्यांना पंचवटी आणि त्र्यंबक दाखवून मोकळे होतो. या संस्थांना नव्या रंगापेक्षा किंवा आणखी एका उद्घाटनापेक्षा माणसांची गरज अधिक आहे, असे माझे ठाम मत आहे. ठरलेल्या वारी येऊन ठरलेले दोन तास देणारी आणि शिकायची तयारी असलेली माणसे.

मी अनेक वर्षे शाळेत इतिहास शिकवला. काचेच्या कपाटासमोर मुले किती वेळ थांबतात, हे तिथे कोणी बोलणारे आहे की नाही यावर ठरते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. त्यात तेरा हजारांहून अधिक नाणी क्षत्रप वंशातील राजा नहपान याची होती आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारून घेतला होता. नहपानाचा चेहरा आणि त्यावर उमटलेली सातवाहनांची चिन्हे एकाच लहानशा चकतीवर दिसतात, म्हणजे एका राजवटीचा पराभव हातात धरता येतो. अशा नाण्याचे नुसते छायाचित्र दाखवून एखाद्या जाणत्या माणसाने पाच मिनिटे बोलावे आणि मग त्याच मुलांना पांडवलेण्यांत नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा, लेख दाखवावा. पाठ्यपुस्तकातील सातवाहन त्यांना पुन्हा शिकवावे लागणार नाहीत. हे काम एखाददुसऱ्या कर्मचाऱ्याकडून होणे शक्य नाही, कारण तिकिटे, कुलपे, वीजबिले आणि पत्रव्यवहार यांतच त्याचा दिवस संपतो.

आणि अशी जाणती माणसे नाशिकमध्ये आहेत. नाशिकरोडच्या मुद्रणालयात १९२८ पासून चलनी नोटा छापल्या जातात. गोपनीयतेच्या मर्यादा सांभाळूनही कागद, शाई आणि छपाई यांविषयी अधिकाराने बोलू शकतील असे निवृत्त कामगार तिथल्या वसाहतींत राहतात. तोफा प्रत्यक्ष चालवलेले माजी सैनिक देवळाली परिसरात स्थायिक झाले आहेत. तोफखान्याचे संग्रहालय लष्करी शिस्तीत चालते आणि तिथे काय करता येईल हे त्यांच्या परवानगीनेच ठरेल, पण आपल्या शाळांत जाऊन मुलांची पूर्वतयारी करून घेण्यास कोणाची आडकाठी असण्याचे कारण नाही. विहिरी खोदणारे आणि दगडखाणींत राबणारे लोक मला या यादीत आवर्जून हवे आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात राहिलेल्या पोकळ्यांमध्ये पुढे झिओलाइट, ॲपोफिलाइट यांसारख्या खनिजांचे स्फटिक वाढले आणि ते पहिल्यांदा पाहिले ते पहार-छिन्नी हाती असलेल्या या माणसांनी. त्यांचे अनुभव ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचे काम एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी सहज करू शकेल.

मात्र नुसत्या उत्साहाने या वस्तूंचे फार मोठे नुकसान होते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. घरातली तांब्यापितळेची भांडी आपण चिंचेने घासतो, म्हणून जुने नाणेही चिंचेने किंवा लिंबाने उजळावे असे अनेकांना वाटते. त्या घासण्यात नाण्यावरचा शतकानुशतके जमलेला थर जातो, अक्षरांच्या कडा झिजतात, आणि एकदा गेलेले ते पुन्हा येत नाही. तांब्याच्या नाण्यावरचा घट्ट, गडद थर त्याचे रक्षण करतो, तर फिकट हिरवी, भुकटीसारखी पडणारी पूड हे धातू आतून खाल्ला जात असल्याचे लक्षण असते. हा फरक ओळखायला शिकणे आणि दिसताक्षणी तज्ज्ञाला कळवणे एवढेच स्वयंसेवकाचे काम आहे, उपचार करणे नव्हे. नाणे कडांनी धरावे, पोथी धुऊन कोरड्या केलेल्या हातांनी उघडावी. लॉमोंटाइटसारखे खनिज कोरड्या हवेत आतले पाणी गमावून अक्षरशः चुरा होते, तर जांभळ्या गारगोटीचा रंग उन्हात उडतो, त्यामुळे कपाट खिडकीपाशी सरकवण्यापूर्वीही विचारावे लागते. त्र्यंबक-अंजनेरीच्या पट्ट्यातला पाऊस ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना कागद आणि कसर यांविषयी वेगळे सांगायला नकोच.

सर्वांत मोलाचे आणि सर्वांत दुर्लक्षित काम नोंदवहीचे आहे. वस्तू कोणती, कोणी दिली, कधी आली, वजन-माप किती, आज कुठल्या कपाटात आहे आणि तिचे छायाचित्र कुठे आहे, एवढे ज्या वस्तूविषयी लिहिलेले नसते ती हरवली तरी हरवल्याचे कळत नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंबाबत काही जबाबदाऱ्या येतात, त्याही या नोंदीशिवाय पार पाडता येत नाहीत. एका संस्थेत, तिचे नाव घेत नाही, दात्यांची हस्तलिखित यादी पावसात भिजली आणि अनेक वस्तू कोणत्या घराण्यातून आल्या हे कायमचे पुसले गेले. निवृत्त बँक कर्मचारी आणि ग्रंथपाल यांनी हे काम हाती घ्यावे, अशी माझी मनापासूनची विनंती आहे.

हे सरकारने करावे, आपण कशाला, असे म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. प्रशिक्षित अभिरक्षकाची (क्युरेटरची) पगारी जागा स्वयंसेवकांच्या भरवशावर रिकामी ठेवणे मला मुळीच मान्य नाही. पण याच भूमीत दानाची दुसरीही एक रीत होती. उषवदाताने तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची चांदीची नाणी, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेवले. त्यांपैकी दोन हजारांवर महिना शेकडा एक दराने येणाऱ्या व्याजातून लेण्यातील वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी वर्षाला प्रत्येकी १२ कार्षापण मिळावेत आणि मुद्दल कधीच मोडू नये, अशी व्यवस्था त्याने लेण्याच्या भिंतीवर कोरून ठेवली. राजघराण्याचे दान आणि ते सांभाळणारी कारागिरांची संघटना, असा तो मेळ होता. आज स्वयंसेवकांचा बसप्रवास, हातमोजे, आम्लविरहित कागद आणि वर्षातून एकदा तज्ज्ञांचे प्रशिक्षण एवढ्यासाठी नाशिकच्या व्यापारी संघटनांनी असाच एक मोडता न येणारा निधी उभारावा.

संग्रहालयांनीही आपली दारे थोडी उघडली पाहिजेत. स्वयंसेवकाला ओळखपत्र, कामाची लेखी व्याप्ती आणि मार्गदर्शन करणारी एक जबाबदार व्यक्ती मिळाली नाही, तर चांगला माणूस महिनाभरात येणे थांबवतो. १८ मेच्या जागतिक संग्रहालय दिनी दिवसभर गर्दी करून वर्षभर न फिरकणारे पन्नास जण घेण्यापेक्षा दर शनिवारी येणारे चार जण घ्यावेत.

२०२७ च्या सिंहस्थात त्र्यंबकच्या रस्त्याने लाखो भाविक अंजनेरीवरून जातील. त्यांतले थोडेजण जरी थांबले, तरी मराठी आणि हिंदीत नीट सांगणारी माणसे तिथे लागतील, आणि ती तयार व्हायला किमान एक पावसाळा जावा लागतो. ज्यांना शनिवारचे दोन तास देणे शक्य आहे, त्यांनी आपले नाव, विषय आणि सोयीची वेळ खाली लिहावी. ही यादी घेऊन मी स्वतः चारही संस्थांना भेटणार आहे.