पाव काही पावला नाही

बिलाची पहिलीच ओळ पावाची होती. दोन माणसांचे पाच युरो. त्याखाली ऑलिव्ह, दोन चाळीस. मग चीज, चार वीस. मग ट्यूना माशाची पेस्ट, दोन युरो. एकूण तेरा युरो साठ सेंट, म्हणजे साधारण तेराशे साठ रुपये. (युरोपात पाय ठेवल्यापासून माझ्या डोक्यात शंभरानं गुणायचं यंत्र बसलंय. ते झोपेतही चालू असतं.) जेवण त्याच्याही खाली सुरू होत होतं. आणि वरच्या चार ओळींतलं काहीही मी मागितलेलं नव्हतं.

ही लिस्बनमधली आमची पहिली दुपार. मुलगी नेदरलँड्सला असते. "बाबा, इतक्या लांब आलायस तर चार दिवस लिस्बन करून ये," म्हणाली आणि मोबाइलवर सूचनांची पोथी पाठवून दिली. अठ्ठावीस नंबरच्या ट्रामला खिसे सांभाळ. ट्रामचं तिकीट आत चढून काढू नकोस, जवळजवळ दुप्पट पडतं, स्टेशनावर कार्ड घे. आणि दोघांत एक कार्ड चालत नाही, प्रत्येकाचं वेगळं घे. बूट खाच असलेले घाल. शेवटची सूचना मी हसण्यावारी नेली होती. पण या गावाचे फुटपाथ चुनखडीच्या छोट्या-छोट्या पांढऱ्या चौकोनी दगडांचे आहेत, पिढ्यानपिढ्या लोकांनी चालून घासलेले, आणि गाव आहे सात टेकड्यांवर. उतारावर बूट आपल्या पायांत असतात एवढंच, निर्णय दगड घेतात. रुआ आउगुस्ता नावाच्या रस्त्यावर एका माणसानं जवळ येऊन कानात "हशीश?" असं विचारलं, तेव्हाही पोथी कामाला आली. हे लोक म्हणे बहुतेक वेळा तमालपत्राचा चुरा विकतात. तमालपत्र आमच्या हिच्या मसाल्याच्या डब्यात घरचं होतं.

एवढ्या मोठ्या पोथीत पावाबद्दल अवाक्षर नव्हतं.

आता तुम्हीच सांगा. आपण खुर्चीत बसायच्या आत कोणी टोपलीत गरम पाव, बशीत ऑलिव्ह, लोण्याच्या चपट्या डब्या आणून ठेवल्या तर मराठी माणूस काय समजतो? पाहुणचार! आमच्या डोंबिवलीत न मागता जे येतं ते फुकट असतं. कांदा, लिंबू, पाणी, बडीशेप, झालंच तर मिसळीवर तर्रीची वाटी. (एक्स्ट्रा पावाचे पैसे पडतात, हे खरं आहे. पण तो आपण ओरडून मागतो.) त्यात तो गुरुवार होता. हिचा गुरुवार कडक. मेनूत बकाल्याव म्हणजे खारवलेला कॉड, सार्डिन, ऑक्टोपस, डुक्कर. ती म्हणाली, "अहो, देव पावला, निदान पाव तरी आहे." तिनं टोपली रिकामी करत आणली, पेस्टला नाक लावून ती माझ्याकडे सरकवली, आणि उरलेले दोन तुकडे कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकले. हे शेवटचं मी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या कोणीतरी पाहिलं होतं.

मी वेटरला बोलावलं. इंग्रजीची जुळवाजुळव करतोय तोवर तोच म्हणाला, "बोलिए अंकल." पोरगा पोखऱ्याचा निघाला. लिस्बनच्या हॉटेलांत आता नेपाळी, बांगलादेशी आणि आपलीही मुलं खूप आहेत. मला वाटलं, चला, आपलाच माणूस.

"ये ब्रेड हमने मंगाया नहीं था."

"लेकिन खाया ना, अंकल?"

"रख दिया तो खाया!"

"अंकल, ये कुव्हेर है, खाने से पहले रखते हैं. मेनू में लिखा है. लास्ट पेज." आणि मग, अगदी शांतपणे, "ये इंडिया नहीं है."

पाच युरो मी विसरेन. हे वाक्य विसरायला तयार नाही. अरे, तू तरी कुठला आहेस? पण मी काही बोलायच्या आत शेजारच्या टेबलावर चमचा आपटल्याचा आवाज आला.

तिथं एक आजोबा बसले होते. पंचाऐंशीच्या पुढचे असतील. उन्हाळ्यात लोकरी जाकीट, समोर कोबीचं हिरवं सूप. आम्ही आल्यापासून ते आमच्याकडे टक लावून बघत होते, भरवस्तीतल्या ओट्यावरून गल्ली बघावी तसं. त्यांनी बोट वर केलं आणि म्हणाले, "लिव्रु!"

मी वेटरकडे बघितलं. त्याचा चेहरा पडला. "दादाजी बोल रहे हैं, कंप्लेंट बुक माँगो."

तर ही गोष्ट प्रवाशानं खरंच लक्षात ठेवण्यासारखी आहे. पोर्तुगालमध्ये प्रत्येक हॉटेलाला, दुकानाला तक्रारवही ठेवावी लागते. लाल रंगाची. कोणी मागितली तर द्यावीच लागते, आणि लिहिलेल्या तक्रारीची प्रत आपल्याला मिळते. आपल्याकडे तक्रारपेटी असते, तिचं कुलूप गंजलेलं असतं आणि किल्ली साहेबांकडे असते. इथं नुसतं वहीचं नाव काढलं तर वेटर उभ्या उभ्या बारीक झाला. मला एकदम स्फुरण चढलं. मी छाती काढून म्हणालो, "लिव्रु!" आजोबांनी टाळी वाजवली.

वही आली. पेन आलं. ही म्हणाली, "अहो, सोडा ना, चला." मी पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात आजोबा आपली खुर्ची सरकवत सरकवत थेट आमच्या टेबलाला येऊन चिकटले आणि वेटरमार्फत विचारपूस सुरू केली. पाव मागितला होता का? नाही. नको असं म्हणालात का? नाही. खाल्ला का? थोडा. थोडा म्हणजे किती? मी गप्प. आजोबांनी हिच्या पर्सकडे बोट केलं.

मग त्यांनी निकाल दिला. वेटर भाषांतर करत होता आणि प्रत्येक वाक्यागणिक त्याचा रंग परत येत होता. कायदा असा, की न मागितलेल्या कुव्हेरचे पैसे लावता येत नाहीत. कायदा तुमच्या बाजूनं. पण त्याच वाक्यात पुढे आहे, की गिऱ्हाइकानं ते वापरून टाकलं असेल तर लावता येतात. कायदा त्याच्या बाजूनं. "पॉइश," आजोबा म्हणाले. हा इथला सर्वांत उपयोगी शब्द. "बरं", "तेच तर", "काय करणार", सगळं त्यात येतं. आयुष्यभर नोंदणी कचेरीत कारकून होते म्हणाले. मला ते आधीच कळायला हवं होतं. आधी अर्ज करायला लावायचा आणि मग अर्ज बसत नाही म्हणून सांगायचं, ही कला कारकुनाशिवाय कोणाला जमते?

"तुम्ही कुठले?" त्यांनी विचारलं. इंडिया म्हणालो. "इंडिया कुठं?" मुंबईजवळ. आजोबांचे डोळे लुकलुकले आणि त्यांनी चक्क कोंकणीत विचारलं, "कितें? बरें आसा?"

ही हातातला रुमाल सोडून बघतच राहिली. तिचं माहेर सावंतवाडी. "बरें आसा," ती म्हणाली, आणि त्या क्षणापासून मी त्या टेबलावर उपरा झालो.

आजोबा १९६१ साली गोव्यात सैनिक होते. वय एकवीस. डिसेंबरात भारतीय सैन्य आलं. लिस्बनहून हुकूमशहा सालाझारचा हुकूम होता शेवटच्या माणसापर्यंत लढायचा. "मी शेवटचा माणूस नव्हतो," आजोबा म्हणाले, "मधला होतो." गव्हर्नरनं दीड-दोन दिवसांत शरणागती पत्करली. मग फोंड्याच्या छावणीत मे १९६२ पर्यंत कैद. पाच महिने. आणि पाच महिने काय खाल्लं? आजोबांनी एकेक बोट मोडत सांगितलं, "दाळ. दाळ. दाळ. दाळ. दाळ." दर महिन्याला एक बोट.

मी म्हणालो, वाईट वाटलं ऐकून. खरंच वाटलं. परत आल्यावर इथं त्यांचं कोणी हारतुऱ्यांनी स्वागत केलं नव्हतं, उलट हरून आलेले म्हणून बघितलं. तेवढं सांगून ते थोडा वेळ सूपाकडे बघत राहिले. मग एकदम मान वर केली. "पण," ते म्हणाले आणि माझ्या बिलावर बोट आपटलं, "दाळ मी मागितली नव्हती. आणि तुमच्या सरकारनं बिल दिलं नाही!"

वेटरला हे भाषांतर करताना हसू आवरेना. ही हसली. मी हसलो नाही. १९६१ च्या डाळीची फेड २०२५ च्या पावात होते, असा हिशोब मला कुठल्याच शाळेत शिकवलेला नाही.

बरं, पाव तरी यांचाच ना? म्हणजे शब्दसुद्धा. पाव यांचा, बटाटा यांचा, चावी, बादली, पगार, लिलाव, नाताळ सगळं यांचं. आपला हापूस गोवा जिंकणाऱ्या ज्या आफोन्सो द आल्बुकेर्कच्या नावावरून आला म्हणतात, तो लिस्बनच्या बेलें भागात एका चौकात उंच खांबावर उभा आहे. आम्ही दुसऱ्या दिवशी बघून आलो. तोंडावर आंब्याचा लवलेश नाही. याउलट इथल्या बेकऱ्यांमध्ये नाता नावाच्या कस्टर्डच्या पेस्ट्रीसोबत समोसा मिळतो. त्याला शामुसा म्हणतात आणि आपलाच पदार्थ असल्यासारखे खातात. आंतोनियु कॉश्ता इथं आठ वर्षांवर पंतप्रधान होते. मूळ घराणं मडगावचं, घरचं नाव बाबूश. साडेचारशे वर्षांची देवाणघेवाण आहे. त्यात एक टोपली पाव चालवून घेता आला नसता?

मी पैसे काढले. मनात कुठेतरी अशी आशा होती की आता आजोबा माझा हात धरतील, म्हणतील, "राहू दे, फोंड्याच्या आठवणीखातर." त्यांनी हात पुढे केलाही. तो ऑलिव्हच्या बशीकडे गेला. उरलेले सहा ऑलिव्ह त्यांनी एकेक करून, बिया नीट रांगेत मांडत खाल्ले. "पैसे भरलेत ना?" त्यांनी वेटरला विचारलं. वेटर म्हणाला, भरलेत. "देव बरें करूं," आजोबा मला म्हणाले.

मग मला दिसलं. त्यांच्या सूपाशेजारीही पाव होता. आणि त्यांच्या बिलात फक्त सूप होतं.

वेटरला विचारलं तर म्हणाला, दादाजींचं वेगळं आहे. हे हॉटेल पूर्वी साधी खाणावळ होतं, आजोबा तेव्हापासूनचे गिऱ्हाईक, मालक त्यांना अजून जुन्या भावानं सूप देतो. राहायचे आल्फामात, जुन्या वस्तीत. घरमालकानं इमारत पर्यटकांसाठी खोल्या करायला दिली, तेव्हा नदीपलीकडे आल्मादात गेले. सूपासाठी बोटीनं येतात. आम्ही ज्या खोलीत उतरलो होतो ती आल्फामातच होती. दाराला नंबर दाबायचं कुलूप, जिन्यात अजून कोणाच्या तरी जुन्या आडनावाची पाटी. मी वेटरला ते काही सांगितलं नाही. तक्रारवही मिटून परत दिली.

आता जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगून टाकतो, नाहीतर मुलगी म्हणेल नुसतं रडगाणं गायलास. बायशा भागात, जिथं १७५५ च्या भूकंपानंतर तेव्हाचा मंत्री मार्केश द पोंबालनं फूटपट्टी लावल्यासारखे सरळ रस्ते आखून घेतले, तिथं दारात उभा राहून बोलावणारा माणूस आणि पाच भाषांतला सचित्र मेनू दिसला की सरळच चालत राहा. आतल्या गल्लीत जिथं टेबलावर कागद अंथरलेला आहे आणि आजचा पदार्थ हातानं लिहून लावलाय, तिथं बसा. 'मेया दोज' म्हणजे अर्धं ताट मागा, एकाला पुरतं. आणि पाव आला की लगेच "नाऊं, ओब्रिगादु" म्हणून परत करा. बायकांनी "ओब्रिगादा" म्हणायचं, आपल्या 'आलो-आले'सारखं. हिनं ते पहिल्या दिवशी आत्मसात केलं. मी तिसऱ्या दिवसापर्यंत ओब्रिगादाच म्हणत होतो आणि लोक गोड हसत होते.

तर तिसऱ्या दिवशी अशाच एका कागदी टेबलावर बसलो. बाई पावाची टोपली घेऊन आली. मी हात वर करून, छाती फुगवून म्हणालो, "नाऊं, ओब्रिगादु!" बाईनं टोपली उचलली आणि निघून गेली. जग जिंकल्यासारखं वाटलं. मग माझा मासा आला, टोमॅटोच्या लालभडक रश्शात, वर लसूण, कोथिंबीर आणि ऑलिव्हचं तेल तरंगतंय. मी रश्शाकडे बघितलं. हिनं माझ्याकडे बघितलं.

"मागा आता," ती म्हणाली.