खुलासा : 'मिंडेन' आणि अमेरिकेचं राष्ट्रगीत

'मुंबईत बांधलेल्या जहाजावर अमेरिकेचं राष्ट्रगीत लिहिलं गेलं' हा मेसेज पुन्हा फिरतोय. गेल्या वर्षी मीच तो अभिमानाने पुढे ढकलला होता, म्हणून खुलासाही मीच करतो.

जहाज खरं आहे. ब्रिटिश आरमाराचं ७४ तोफांचं 'मिंडेन' जमशेटजी बमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलं, १८१० साली पाण्यात उतरलं. १८११ ची जावा मोहीम, १८१६ चा अल्जीयर्सवरचा तोफमारा, १८४० च्या दशकात हाँगकाँगला इस्पितळ-जहाज, अशी त्याची नोकरी. १८६१ साली ते मोडीत गेलं.

गीताची गोष्ट मात्र वेगळी. सप्टेंबर १८१४ मध्ये, ब्रिटन-अमेरिका युद्ध चालू असताना, गीत लिहिणारा अमेरिकन वकील फ्रान्सिस स्कॉट की हा ब्रिटिशांच्या कैदेतल्या एका डॉक्टरला सोडवायला त्यांच्या ताफ्याकडे गेला. बोलणी झाली ती 'टोनंट' या ब्रिटिश जहाजावर; गोंधळ बहुधा इथूनच. पण बाल्टिमोरच्या मॅकहेन्री किल्ल्यावर रात्रभर तोफा चालल्या तेव्हा तो तहाचं निशाण लावलेल्या अमेरिकन जहाजावर, ब्रिटिश पहाऱ्यात होता. पहाटे किल्ल्यावर आपलाच झेंडा दिसला, आणि खिशातल्या पत्राच्या पाठीवर त्याने ओळी खरडल्या; त्याच पुढे राष्ट्रगीत झाल्या.

जुना मेसेज ग्रुपवर दिसला तर कृपया पुढे पाठवू नका. माझी पोस्ट मी काढली आहे. वाडियांचं कौतुक करायला अल्जीयर्स पुरेसं आहे की!