तंबूआधी जमीन बघा

जंगलात मुक्काम करायचा म्हटलं की लोक आधी तंबू बघतात. किती माणसांचा, किती मिनिटांत उभा राहतो. रात्रभर पाठीखाली काय असणार, हे फारसं कुणी विचारत नाही. माझ्या मते मुक्काम चांगला होणार की वाईट, हे तिथेच ठरतं.

पहिल्या वेळी मी ओढ्यालगतची सपाट जागा बघून तंबू ठोकला होता. संध्याकाळी दृष्ट लागावी अशी जागा, आणि पहाटे 3 वाजता दात वाजायला लागले. गार हवा जड असते, ती उतारावरून खाली येऊन खोलगटात साचते. शिवाय स्लीपिंग बॅग कितीही जाड असो, आपण झोपलो की खालची बाजू दबते. दबलेल्या भरावात हवा उरत नाही आणि जमीन अंगातली ऊब ओढत राहते. तेव्हापासून सामानात पहिली मॅट जाते, बाकी सगळं नंतर.

आता मी पाण्यापासून 60 मीटर तरी लांब, जरा उंचावर जागा शोधतो. डोक्यावर वाळकी फांदी लोंबकळत नाही ना, हे मान वर करून बघतो. मग तंबू न उघडता तिथे नुसता आडवा पडतो. कुठला खडा टोचतो, डोकं उताराकडे जातंय का, दोन मिनिटांत पाठच सांगते. हे सगळं उजेड आहे तोवरच उरकायचं. आणि एक कळकळीचं सांगणं: कितीही थंडी असली तरी तंबूच्या आत स्टोव्ह किंवा निखारे नकोत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो.

एवढं झालं की रात्र आपली. बाटलीत गरम पाणी भरून, झाकण घट्ट आवळून पायाशी ठेवायची. तळव्यांपासून हळूहळू वर चढणारी ती ऊब मला घरच्या गादीवर कधी मिळाली नाही. मग टॉर्च बंद करून बाहेर बसायचं. डोळ्यांना अंधार सरावायला 20-30 मिनिटं लागतात, तेवढा वेळ मोबाइलही उघडायचा नाही. आधी मोजकेच तारे असतात. मग त्यांच्या मधल्या काळ्या जागाही भरायला लागतात, झाडांच्या कडा दिसू लागतात, आणि स्वतःचा हातसुद्धा.

सकाळी शेकोटीच्या राखेवर पाणी ओततो, काडीने ढवळतो, पुन्हा ओततो. राख बोटांना गार लागली की मगच सॅक पाठीवर घेतो.