‘सॅश उजव्याच खांद्यावरून’: फिरणारा मेसेज आणि खरे नियम

प्रजासत्ताक दिन जवळ आला की सोलापुरातल्या शाळांच्या, माजी सैनिकांच्या आणि गणवेश शिवणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. ‘राजघराण्यांचा शिष्टाचार’ असं त्याचं शीर्षक. मजकूर साधारण असा: सॅश (खांद्यावरून कमरेकडे तिरका येणारा रुंद पट्टा) नेहमी उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे, उलटी घातली तर सन्मानाचा अपमान. मिळालेले सगळे मान एकाच वेळी अंगावर हवेत. सॅश कुठल्याही औपचारिक कार्यक्रमाला चालते. वडील-आजोबांची मेडलं मुलानं डाव्या छातीवर लावावीत. पद्म पुरस्कार नावाआधी लिहिणं हा तर मानकऱ्याचा हक्कच. यातल्या पहिल्या विधानात अर्धं तथ्य आहे, बाकीची चार साफ चुकीची आहेत.

खांद्यापासून सुरुवात करू, कारण सगळा वाद तिथंच पेटतो. उजव्या खांद्यावरून येणाऱ्या सॅश जास्त आहेत हे खरं. ब्रिटनच्या बाथ, रॉयल व्हिक्टोरियन आणि ब्रिटिश एम्पायर या ऑर्डरींच्या (ऑर्डर म्हणजे वेगवेगळे वर्ग असलेला राजकीय सन्मान) सर्वोच्च वर्गाची सॅश उजवीकडूनच येते. फ्रान्सच्या लीजन ऑफ ऑनरची आणि जपानच्या रायझिंग सनचीही. पण ब्रिटनमधली सर्वांत मानाची गार्टरची निळी सॅश डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे उतरते, आणि स्कॉटलंडच्या थिसलची हिरवीसुद्धा. डेन्मार्कमध्ये एलिफंट या ऑर्डरची डावीकडून, तर त्याच देशाची डॅनेब्रोग उजवीकडून. बाजू ठरवते ती त्या त्या ऑर्डरची नियमावली, ‘राजघराण्यांचा’ असा एकच नियम कुठंही नाही. शिवाय शाही मेजवानीत पाहुण्या देशानं दिलेली ऑर्डर असेल तर यजमान तीच घालतात. त्यामुळे एकच राजा एका फोटोत डावीकडून आणि दुसऱ्यात उजवीकडून सॅश घातलेला दिसला, तर तो चुकलाय असं धरून चालू नका.

मेसेजसोबत ‘पुरावा’ म्हणून फोटोही येतात आणि त्यातले काही चक्क उलटे छापलेले असतात. ओळखायचं कसं? कोटाची बटणं बघा. पुरुषाच्या कोटाचा डावा पदर उजव्यावर येतो. फोटोत उजवा पदर वर दिसला तर आधी फोटो सरळ करा, मग सॅशवर बोला. स्टार, म्हणजे ऑर्डरचं छातीवर लावायचं ताऱ्यासारखं चिन्ह, कुठल्या छातीवर आहे यावरून मात्र निकाल लावू नका. स्टार बहुतेक वेळा डाव्या छातीवर असतो, पण लीजन ऑफ ऑनरच्या दुसऱ्या क्रमांकाच्या वर्गाचा स्टार उजव्या छातीवरच लावतात.

‘सगळे मान एकाच वेळी’ हे विधान आपल्या जवळच्या उदाहरणानं तपासता येतं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांना स्टार ऑफ इंडिया, इंडियन एम्पायर आणि रॉयल व्हिक्टोरियन या तिन्ही ऑर्डरींचे सर्वोच्च वर्ग मिळाले होते. तिन्हींच्या सॅश वेगळ्या, पण अंगावर एका वेळी एकच. बाकीच्यांचे फक्त स्टार लावायचे. ब्रिटिश पद्धतीत टेलकोट आणि पांढरा बो असा पूर्ण पोशाख असला तरी मर्यादा ठरलेली आहे: एक सॅश, जास्तीत जास्त चार स्टार, गळ्यात एकच बॅज, आणि मेडलं छोट्या आकाराची. गळ्यातला बॅज शर्टाच्या कॉलरखालून येणाऱ्या फितीवर, बोच्या गाठीखाली जेमतेम दोन सेंटिमीटर लोंबतो. लॉकेटसारखा छातीच्या मध्यावर नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात शाहू महाराज उभे करायचे असतील तर फिकट निळी, दोन्ही कडांना पांढरी पट्टी असलेली स्टार ऑफ इंडियाची सॅश घ्या, उजव्या खांद्यावरून. तीच त्यांच्या तिन्हींत वरच्या क्रमाची. तीन रंगांच्या तीन सॅश चढवलेले महाराज फक्त कॅलेंडरवर शोभतात, तेही कसेबसे.

‘कुठल्याही कार्यक्रमाला’ हेही नाही. काळा बो आणि डिनर जॅकेट असेल तर सॅश नाही. साध्या सुटावर तर नाहीच. मानचिन्हं लावायची की नाही हे निमंत्रणपत्रिकेवर लिहिलेलं असतं. तशी सूचना नसेल तर ती घरीच ठेवायची. ऑर्डरचा मोठा साखळीवजा कॉलर हा आणखी वेगळा प्रकार: तो दिवसाच्या ठरावीक समारंभांना घालतात, सूर्यास्तानंतर नाही, आणि तो घातला की त्याच ऑर्डरची सॅश वर्ज्य.

मेडलांबाबतचा सल्ला सगळ्यांत घातक, कारण तो भावनेच्या जोरावर पुढं सरकतो. डावी छाती ज्यानं मेडल कमावलं त्याची. दिवंगत नातलगाची मेडलं कुटुंबीयांनी उजव्या छातीवर लावायची, ही राष्ट्रकुल देशांमधली रूढी. आपल्या सैन्यानंही हुतात्म्यांच्या जवळच्या नातलगांना युद्धस्मारकांवरच्या अभिवादनासारख्या प्रसंगी मेडलं लावायची मुभा दिली आहे, ती उजव्या छातीवरच. डावीकडे लावलं की पाहणाऱ्याला ते तुमचंच वाटतं, आणि माजी सैनिकांच्या रांगेत हे लगेच डोळ्यात भरतं. क्रमही बदलायचा नाही. ज्यानं कमावली त्याच्या डाव्या छातीवर सर्वांत वरचं मेडल मध्याकडे असतं, बाकीची बाहेरच्या बाजूला उतरत्या क्रमानं. पेटीत पणजोबांचं पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश वॉर मेडल सापडलं तर चिंच किंवा पावडर लावून घासू नका. त्याच्या कडेवर नाव आणि नंबर उठवलेला असतो. चकचकीत करण्याच्या नादात तोच झिजतो, आणि मेडल कुणाचं हे सांगणारा दुसरा पुरावा बहुधा घरात नसतो.

आता पद्म पुरस्कार. इथं सॅश हा प्रकारच नाही. भारतरत्न पांढऱ्या फितीनं गळ्यात, पद्म पदकं डाव्या बाजूला. पद्म मानकऱ्याला पदकाची छोटी प्रतिकृतीही मिळते आणि हवी तर ती सरकारी व औपचारिक समारंभात लावता येते. सैन्यातला आणि नागरी मान एकाच छातीवर आले तर ठरलेला क्रम असा की परमवीर चक्र आणि अशोक चक्र पद्मविभूषणच्या वर, तर पद्मश्री महावीर चक्र आणि कीर्ती चक्राच्याही खाली.

नावाआधी लिहिण्याचा ‘हक्क’ तर अजिबात नाही. राज्यघटनेच्या कलम १८ नं किताब बंद केले. १९९५ साली बालाजी राघवन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पद्म पुरस्कार हे किताब नाहीत म्हणून ते वैध ठरवले, पण नावाच्या आधी किंवा नंतर ते जोडता येणार नाहीत असंही बजावलं. तसं वापरल्यास पुरस्कार काढून घेण्याची प्रक्रिया होऊ शकते. म्हणजे हौस बॅनर लावणाऱ्याची, जोखीम मानकऱ्याची. सोलापूरचे वन्यजीव अभ्यासक आणि लेखक मारुती चितमपल्ली यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. कार्यक्रमाच्या पत्रिकेवर ‘मारुती चितमपल्ली’ छापून खालच्या ओळीत ‘२०२५ च्या पद्मश्री पुरस्काराचे मानकरी’ असं लिहिलं तर काहीच अडचण नाही. ‘अरण्यऋषी’ ही लोकांनी दिलेली उपाधी, तिला हा नियम लागत नाही.

राहिल्या शाळेच्या हेडबॉय-हेडगर्लच्या, नवरदेवाच्या आणि स्पर्धेच्या सॅश. या कुठल्याच ऑर्डरच्या नाहीत, तेव्हा खांदा तुम्ही ठरवा. फक्त एका रांगेतल्या सगळ्यांचा एकच असू द्या. शिवताना मात्र खऱ्या सॅशचा कित्ता गिरवावा. रुंदी मोठ्यांना चार इंच, मुलांना तीन पुरते. माप कपडे चढवलेल्या माणसावरच घ्या: खांद्यावरून पुढून विरुद्ध बाजूच्या कमरेच्या हाडापर्यंत, मग तिथूनच मागून परत खांद्यापर्यंत, आणि शिलाईला दोन इंच जास्त. बनियनवर घेतलेलं माप शेरवानीवर आखूड पडतं. कमरेशी दोन्ही टोकं सरळ जोडली तर आतली कड गोळा होते आणि तिथं अडकवलेला बॅज वाकडा लोंबतो. टोकं तिरकी कापून व्ही आकारात जोडा आणि जोड फितीच्या बोखाली लपवा. सॅटिन खांद्यावरून घसरतंच, म्हणून तिथं एक चुणी घालून खालून हूक लावा. गणवेशाला खांदापट्टी असेल तर सॅश तिच्याखालून घ्या. स्टार किंवा मेडलाची पिन थेट कापडात टोचली तर वजनानं भोक वाढत जातं. पिनेच्या मापानं धाग्याचे दोन फास आधीच ओवून ठेवा आणि आतून कॅनव्हासचा तुकडा लावा.