नुसत्या एफआयआरसाठी सुप्रीम कोर्टापर्यंत

सप्टेंबर २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून मेला, तेव्हा आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेढ्यांचे फोटो फिरत होते. मी ‘चौकशी व्हायला हवी’ एवढंच लिहिलं. लगेच उत्तर आलं, ‘तू बर्मिंगहॅममध्ये बसून शहाणपण शिकवू नकोस.’

बरं, मग बर्मिंगहॅमचंच सांगतो. इथल्या अ‍ॅस्टन व्हिला क्लबचा जुना फुटबॉलपटू डेलियन अ‍ॅटकिन्सन २०१६ साली टेलफर्डमध्ये वडिलांच्या घराबाहेर पोलिसांच्या हातून मेला. टेझरचा, म्हणजे विजेच्या बंदुकीचा, झटका एरवी पाच सेकंदांचा असतो. त्याला ३३ सेकंद दिला, वर डोक्यात लाथा. कपाळावर बुटाच्या लेसचे ठसे उमटले होते. बेंजामिन मंक या पोलिसाला सदोष मनुष्यवधासाठी आठ वर्षांची शिक्षा झाली, तीही २०२१ उजाडल्यावर. ब्रिटिश पोलिसाला अशी शिक्षा होण्याची तीस वर्षांहून अधिक काळातली ही पहिलीच वेळ. तेव्हा इथे रामराज्य आहे असं मी म्हणणार नाही. लंडनमध्ये ख्रिस काबा या तरुणाला गोळी घालून मारणाऱ्या पोलिसावर खुनाचा आरोप ठेवला, तर अनेक सहकाऱ्यांनी निषेध म्हणून बंदूक बाळगायचे परवाने परत केले होते. (पुढे तो निर्दोष सुटला.)

फरक आहे तो पहिल्या दिवसाचा. इथे पोलिसांच्या हातून माणूस दगावला की तपास स्वतंत्र आयोगाकडे जातो. त्यासाठी घरच्यांना कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत.

आता परभणी. संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर डिसेंबर २०२४ मध्ये आंदोलन पेटलं. त्यात पकडलेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत असताना मेला. शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा निघाल्या. सरकारने विधिमंडळात सांगितलं, मारहाण झालीच नाही. गुन्हा नोंदवा, एवढ्यासाठी त्याच्या आईला औरंगाबाद खंडपीठात जावं लागलं. जुलै २०२५ मध्ये आदेश मिळाला, तर सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात! तिथे हरलं. शिक्षा राहू द्या, खटलाही राहू द्या, हे सगळं नुसत्या एफआयआरसाठी.

ग्रुपवर विचारतात, नराधमांचे लाड कशाला? सोमनाथ कुठला नराधम होता? कोठडीत मृत्यू झाला की त्याच दिवशी तपास त्या पोलिसांच्या खात्याबाहेर जावा, एवढंच माझं म्हणणं आहे. एक मित्र म्हणतो, वेगळ्या यंत्रणेला पैसा कुठून आणायचा? सुप्रीम कोर्टात वकील उभे करायला होता की.