अधातूंचे धन आयन: फिरत्या वाक्यातल्या चुका

“धन आयन फक्त धातूंचे. अधातू नेहमी इलेक्ट्रॉन घेतात. अपवाद एकटा हायड्रोजन.” परीक्षेच्या तयारीच्या तक्त्यांतून हे सर्रास फिरतं. (धन आयन म्हणजे धन प्रभार असलेला अणू किंवा अणूंचा गट.)

आधी अपवादाचं बघू. हायड्रोजनने इलेक्ट्रॉन दिला की उरतो नुसता प्रोटॉन, आणि पाण्यात सुटा प्रोटॉन सापडतच नाही. तो लगेच पाण्याच्या रेणूला चिकटतो आणि हायड्रोनियम होतो. म्हणजे अपवाद म्हणून दाखवलेलं उदाहरणच सगळ्यात लंगडं.

आयनिक संयुगात धातू हवाच, हेही खोटं. अमोनियम क्लोराइडमध्ये धातू औषधालाही नाही; त्यातला धन आयन नायट्रोजन आणि हायड्रोजनचा. फॉस्फरस पेंटाक्लोराइड वायुरूपात साधा रेणू असतो. घनरूपात मात्र एक रेणू दुसऱ्याला क्लोराइड देऊन टाकतो, आणि स्फटिकात चार क्लोरीनवाला धन आयन व सहा क्लोरीनवाला ऋण आयन शेजारी बसतात.

“अधातू इलेक्ट्रॉन देत नाहीत.” स्वखुशीने देत नाहीत; काढून घेणारा जबर हवा. 1962 साली रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांनी दाखवलं की प्लॅटिनम हेक्साफ्लोराइड थेट ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन ओढतो. त्यासाठी मोलमागे सुमारे 1170 किलोज्यूल लागतात, आणि झेनॉन या निष्क्रिय वायूलाही जवळपास तेवढेच. झेनॉनवर प्रयोग करायचं त्यांना सुचलं ते यावरूनच.

आयोडीनचं तर डोळ्यांना दिसतं. सुमारे 65 टक्क्यांच्या ओलियममध्ये (सल्फर ट्रायऑक्साइड मिसळलेल्या सल्फ्युरिक आम्लात) ते गडद निळं होतं. हा रंग दोन अणूंच्या, एक धन प्रभार असलेल्या आयनाचा. फ्लोरोसल्फ्युरिक आम्लात तोच आयन उणे 80 अंशांच्या आसपास थंड केला की जोड्या जमतात आणि द्रावण लाल होतं. पाणी शिरलं की खेळ संपला: पाण्यातल्या ऑक्सिजनची इलेक्ट्रॉन-जोडी आयनावर चाल करते, उरतं ते आयोडीन आणि आयोडेट. म्हणून भांडी कोरडी ठक्क हवीत. अशा धन आयनांचे क्षार वेगळे काढायचे तर जोडीला हेक्साफ्लोरोअँटिमोनेटसारखा ऋण आयन लागतो, जो स्वतःचे इलेक्ट्रॉन सहसा हातचे सोडत नाही. पाण्यातली रसायनं शिकवताना हे आयन भेटत नाहीत, त्याचं कारण एवढंच.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. सल्फर हेक्साफ्लोराइडमध्ये गंधकाचा ऑक्सिडीकरण अंक अधिक सहा, म्हणून तिथे सहा प्रभारांचा गंधक-आयन बसलाय असं नव्हे. सहा इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे सुमारे 26,700 किलोज्यूल लागतील. तिथले बंध सहसंयुजच, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेतलेले आहेत, अंक फक्त हिशेबाचा.